ढिगातले विलायती इंजिन

"त्या अडाणी भंगारवाल्याच्या ढिगात वर्षानुवर्षे धूळ खात पडलेले विलायती इंजिन मी एका नजरेत हेरले," असे आमचे एक मित्र आजही चारचौघांत सांगतात. फळीवर रूळ मांडून छोट्या आगगाड्या चालवण्याचा छंद आम्हा दोघांना सत्तरच्या दशकापासून आहे. त्यात अशी वस्तू हेरण्याचा मान मोठा, म्हणून हे गृहस्थ तो सोडत नाहीत. त्या दिवशी मी त्यांच्या शेजारी उभा होतो, हे मात्र ते सोयीस्करपणे विसरतात.

नाशिकच्या द्वारका चौकाजवळ गोणपाटावर तो भंगारवाला बसे. गिऱ्हाईक नळ, कुलुपे, कुकरची झाकणे उपसू लागले, की हा मान वळवून रस्त्यावरचे ट्रक पाहत तंबाखू मळे. स्वतः होऊन त्याने कोणाला वस्तू दाखवल्याचे मला आठवत नाही.

"हे काय रे?" त्या दिवशी ढिगातले इंजिन उचलून मित्रवर्यांनी आवाजात शक्य तितकी बेफिकिरी आणून विचारले.

"खेळणं हाय साहेब, पोराला न्या. मी कुनाला काय दाखवत नाय. ज्याला घावंल त्याचं नशीब."

त्याला शहाणपण सुचण्याआधी निघावे म्हणून मित्रवर्यांनी त्याने सांगितलेली किंमत मुकाट्याने मोजली आणि ते धुळकट इंजिन घाईने झब्ब्याच्या खिशात कोंबले. वर्षानुवर्षे धूळ खाल्लेल्या त्या इंजिनाविषयी मला एवढेच सांगायचे आहे: नाशिक रोडला घरी पोहोचेपर्यंत त्यांच्या पांढऱ्याशुभ्र खिशावर, चाकांना नुकत्याच घातलेल्या तेलाचा डाग उमटला होता.