बाळंतिणीच्या खोलीतला हीटर

“तुमचा हीटर लावल्यापासून सुनेला भोवळ येतेय. आत्ताच्या आत्ता या!”

फोनवर मालतीमावशी होत्या. मी वायरमन. बदलापुरात, बेलवलीच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये नुकताच मी हीटरचा पॉवर पॉइंट काढून दिला होता. हीटरचा लोड मोठा. दिव्याच्या बारीक वायरीवर चालवला तर ती वितळते, म्हणून जाड वायर वेगळी ओढली होती. तरी हातातलं काम टाकून निघालो. घरात ओली बाळंतीण आणि तान्हं बाळ.

गेलो तर खोलीचं दार घट्ट लावलेलं. आत भट्टीसारखं गरम. टेस्टर लावला, अर्थिंग बघितलं. काहीच दोष नाही. सून, सोनाली, डोळे मिटून पडली होती.

“डोकं फुटतंय दादा,” ती पुटपुटली.

तेवढ्यात खाटेखाली लाल उजेड दिसला. चादर वर केली. घमेल्यात निखारे!

“मावशी, हे काय?”

“शेक नको का तिला? हीटर वरवर तापवतो. शेगडीची ऊब कशी हाडात जाते. लाकडं गच्चीत पेटवते, धूर पार गेला की मंगच आत आनते.”

“आणि खिडकी?”

“हीटरची गरमी बाहेर जाया नको म्हनून पोरानं टेप मारली. आधी फट होती, तवा कोनाला काय झालं नाय!”

निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला ना धूर, ना वास. बंद खोलीत माणूस झोपेतच जातो. हीटरमध्ये काही जळत नाही, नुसती तार तापते. हीटर आला, खिडकी बंद झाली आणि शेगडी तशीच राहिली.

बाळ उचललं. मान लुळी. मी गॅलरीत धावलो. मावशी सोनालीला कवटाळून ओढत मागोमाग आल्या. बाळ हलेना. मी घाबरून त्याचे तळपाय चोळत राहिलो.

मग त्यानं तोंड वाकडं केलं आणि टाहो फोडला. मीही रडलो, लाज नाही वाटली.

रिक्षानं दोघांना हॉस्पिटलात नेलं, ऑक्सिजन लावला. वाचले दोघं.

हीटर चांगला की शेगडी, असं गिऱ्हाईकं मला अजून विचारतात. हीटरचा लोड वाढला की एमसीबीचा खटका पडतो, घरात अंधार होतो आणि लोक मला शिव्या घालतात. निखारा मात्र शेवटपर्यंत काही कळू देत नाही.