जैसे थे

कागल तालुक्यात प्रभुलिंग तलाठी म्हटलं की भल्याभल्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. जमिनीच्या कागदावर कुणाचं नाव चढवायचं, कुणाचं उतरवायचं, ते सगळं त्यांच्या हातातून जायचं. त्या नोंदीला गावात फेरफार म्हणतात, कचेरीतली साहेब मंडळी म्युटेशन म्हणतात. माणूस हट्टी, तोंडाचा फटकळ, पण हाताचा स्वच्छ. बिडी सोडली तर दुसरं व्यसन नव्हतं, आणि बिडी काही त्यांनी सोडली नाही.

निवृत्तीनंतर खोकला लागला. आधी तो धुळीचा होता, मग हवापालटाचा, मग बायकोच्या, बसम्माच्या, फोडणीचा. थुंकीत रक्त दिसलं तेव्हा दोष द्यायला कुणी उरलं नाही. मुलगी सौंदर्या आपल्या अप्पांना कोल्हापूरला कॅन्सरच्या दवाखान्यात घेऊन आली.

"फुप्फुसाचा कॅन्सर आहे," डॉक्टर भैरवी म्हणाल्या, "आणि गाठीत म्युटेशन सापडलंय."

"कुणी केलं? नोटीस न काढता?" अप्पांनी विचारलं.

सौंदर्याला हसू आलं, आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. पेशीत एक प्रथिन राखणीला असतं. पेशी बिघडली की ते तिला वाढू देत नाही, वेळ पडली तर मारून टाकतं. अप्पांच्या गाठीत त्या राखणदाराचाच आकार वाकडा झाला होता, आणि तो उरल्यासुरल्या चांगल्या राखणदारांनाही निकामी करत होता.

"म्हंजे कुंपणच शेत खातंय की! मग दाद मागायची कुणाकडं?"

"एक औषध आहे. अजून त्याच्या चाचण्या चालू आहेत. ते त्या वाकड्या प्रथिनात नेमकं बसतं आणि त्याला सरळ करतं. पण बिघाड एका ठरावीक जागीच असला तर. तुमचा कुठल्या जागी आहे, ते पुढच्या तपासणीत कळेल. तोवर किमो सुरू करू. थांबायचं नाही, काका."

अप्पांनी मान डोलावली. मान डोलावणं म्हणजे होकार नव्हे, हे कागलातल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं.

"वाद चालू असताना जैसे थे," घरी आल्यावर त्यांनी जाहीर केलं. "कुणी नांगर घालायचा न्हाय, कुणी बांध हलवायचा न्हाय. आधी ते विष घिऊन अंग खराब केलं आन् नवीन औषधाला मीच नालायक ठरलो तर?"

"अप्पा, हा काय जमिनीचा वाद न्हाय!"

"तुला कळतंय व्हय माझ्यापरीस?"

बसम्मानंही नवऱ्याचीच री ओढली. सौंदर्या भांडली, रडली आणि शेवटी गप्प बसली. दवाखान्यातून फोन यायचे. अप्पा दरवेळी "येतो की" म्हणायचे आणि फोन ठेवायचे. उभ्या आयुष्यात त्यांनी पाहिलं होतं, जैसे थेचा हुकूम आला की गावगुंडाचा ट्रॅक्टरसुद्धा बांधावर थांबतो. या आजाराला तो हुकूम कुणी बजावलाच नव्हता.

सदरा खांद्यावरून ओघळू लागला. उजव्या कुशीत दुखायचं, ते म्हणायचे गॅस धरलाय. आडवं झालं की दम लागायचा, म्हणून ते भिंतीला टेकून बसल्या बसल्याच डुलकी काढत. बसम्मा महादेवाला साकडं घालत होती, "बिघाड त्याच जागचा निघू दे रं देवा." नवऱ्याच्या अंगात अमुकच बिघाड असू दे, असं मागणं मागताना आपली जीभ कशी झडत नाही, याचं तिला भय वाटायचं.

तपासणीचा निकाल आला, तेव्हा सौंदर्या अप्पांना पुन्हा दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी नवा स्कॅनही करून घेतला होता.

"प्रथिन तेच आहे, काका. पण बिघाडाची जागा वेगळी आहे. ते औषध तुमच्यात बसणार नाही."

"गट नंबर तोच, हिस्सा दुसरा," अप्पा पुटपुटले. "बरं. मग तुमचं ते किमो द्या."

डॉक्टरांनी पडद्यावरच्या स्कॅनकडे बोट दाखवलं. "आता कॅन्सर यकृतात पसरलाय. तेव्हाच किमो सुरू केलं असतं, तर काही काळ नक्की आवरलं असतं. आता तुमच्या अंगाला ते पेलेल असं मला वाटत नाही."

सौंदर्यानं तोंडात पदर कोंबला. आपण त्या दिवशी गप्प का बसलो, हा एकच विचार तिला आतून चिरत होता.

तेवढ्यात अप्पांचा फोन वाजला. बसम्मा होती. तिचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"लागला न्हवं निकाल? आपल्या बाजूनं लागला न्हवं?"

हरलेल्या माणसाच्या तोंडावर निकाल वाचून दाखवताना प्रभुलिंग तलाठ्यांची पापणी कधी लवली नव्हती. त्यांनी दोनदा तोंड उघडलं. मग फोन लेकीपुढं धरला.

"तू सांग गं," ते म्हणाले. "मला न्हाय सांगता येत."