माहेरची बारीक वाटी

रायपूरच्या सदर बाजारात ओट्यावर पाय पसरून, अंगठ्याला दोरा अडकवून मणी ओवणारा पटवा दिसला, की ते प्रकरण आजही माझ्यासमोर जसंच्या तसं उभं राहतं.

छत्तीसगड वेगळं होऊन रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. मी हेड कॉन्स्टेबल. शाळा सातवीतच सुटलेली, गाव दूर वर्ध्याकडे, आणि ठाण्यात सगळी लिखापढी हिंदीत. चूक निघेल या धास्तीनं मी एकेक ओळ परत परत वाचायचो. पण आमचे टीआय साहेब, म्हणजे ठाण्याचे प्रभारी, मला कधी हिणवून बोलले नाहीत. मराठी फिर्यादी आला की हाक मारायचे, "महाराष्ट्रवाले, तुम्हारे घर के लोग आए हैं."

त्या दिवशी चौबे कॉलोनीतलं एक मराठी जोडपं आलं. नवरा सरकारी ऑफिसात बाबू. भावाकडच्या लग्नासाठी बाईनं डब्यातलं मंगळसूत्र काढलं, दोरा जीर्ण दिसला म्हणून पटव्याकडे ओवायला दिलं. सकाळी दिलं, दुपारी आणलं. थोड्याच दिवसांत गळ्यावर काळा डाग उठला. सोनार म्हणाला, दोन्ही वाट्या पितळेच्या, वरून मुलामा. पटव्यानंच बदलल्या, असं बाईचं म्हणणं. रिपोर्ट मी लिहिला, सही नवऱ्यानं केली.

खबऱ्यानं सांगितलं की पटव्याच्या पोरीचं लग्न ठरलंय आणि तो पैशाच्या मागे आहे. आम्ही त्याला भर बाजारातून उचलून आणलं. म्हातारा माणूस. रागावून झालं, समजावून झालं, तो एकच सांगत राहिला, "साहब, लोग भरोसे पे सोना देते हैं. मेरे पास और है क्या?" असं बोलणारे ठाण्यात पुष्कळ येतात. पण अटक झाली असती तर त्याच्या हातात परत कोणत्याच बाईनं सोनं दिलं नसतं, आणि पोरीचं लग्नही बहुतेक मोडलं असतं.

जप्ती पंचनाम्यात वस्तूचं वर्णन लिहावं लागतं. मी वाट्या कागदावर ठेवल्या आणि थबकलो. एक मोठी, एक बारीक. आपल्याकडे एक वाटी माहेरची, एक सासरची. दोन गावचे दोन सोनार, म्हणून त्या सारख्या क्वचितच असतात. पण मुलाम्याच्या तयार वाट्या बाजारात जोडीनं मिळतात, अगदी एकसारख्या. साहेबांना सांगावं का? उगाच हसं झालं तर? पेन हातात धरून मी बसून राहिलो. शेवटी बाईलाच विचारलं, तुमच्या अस्सल वाट्या कशा होत्या?

"अशाच," ती म्हणाली, आणि बारकीवर बोट ठेवलं. "हे माहेरची. सासूबाईनं यावरून मले लई आयकवलं. म्हणे, तुह्या बापाचं सोनं चष्मा लावून पाहा लागते."

साहेबांना हसू आलं. मी त्यांना हिंदीत सगळं समजावलं, तसं ते थांबलं. इतकी हुबेहूब नक्कल करायची तर अस्सल वाट्या कारागिरापुढे काही दिवस तरी हव्यात. पटव्याजवळ त्या अर्धा दिवसही नव्हत्या. साहेबांनी मलाच खुणावलं, पुढे विचार.

"ताई, याआधी मंगळसूत्र कोणाजवळ होतं?"

"माह्यं ऑपरेशन झालं तवा काढून यायच्याजवळ देलं होतं. मग डब्यातच..." बोलता बोलता ती नवऱ्याकडे पाहायला लागली. बोट अजून वाटीवरच होतं.

आमच्याजवळ पुरावा नव्हता. नवरा नाही म्हणाला असता, तर काय झालं असतं ते मला आजही सांगता येत नाही. पण तो खुर्चीवरून उठला आणि खाली बसलेल्या म्हाताऱ्यापुढे उभा राहिला.

"म्याच बदलवल्या साहेब. याचा काही दोष नाही."

राजधानी झाली, आता भाव चढतील, म्हणून ऑफिसातले सगळे तेलीबांध्याकडे प्लॉट घेत होते. यानं बयाण्यासाठी वाट्या विकल्या, पुढे करून देऊ म्हणून. बायकोला कळू नये म्हणून बारीक वाटी बारीकच करवून घेतली, आणि नेमकी तीच काळजी त्याच्यावर उलटली.

बाई रडली नाही. एवढंच म्हणाली, "मले मांगितल्या असत्या तर म्या नसत्या देल्या का?"

साहेबांनी पटव्याला विचारलं, तुला काय पाहिजे? तो म्हणाला, "जहाँ से उठाया, वहीं बोल दो." उचलून आम्हीच आणलं होतं, म्हणून साहेबांनी मलाही वर्दीत सोबत पाठवलं. ओट्यासमोर, आजूबाजूच्या दुकानदारांदेखत, बाबूनं सगळं सांगितलं. मीही सांगितलं.

पुढे नोकरीत मोठमोठे चोर पाहिले. पण घरात लपवलेला एक व्यवहार परक्या माणसाच्या पोटावर कसा येतो, ते मला त्या वाट्यांनी दाखवलं. आणि माझ्यासारख्या अर्धवट शिकलेल्याचं म्हणणं ऐकून घेणारे साहेब लाभले, याचे उपकार मी विसरलो नाही.

पुष्कळ दिवसांनी ती बाई मला त्याच ओट्यापाशी दिसली. बाबूनं प्लॉट विकून सोन्याच्या वाट्या केल्या होत्या. एक मोठी, एक बारीक, तिनंच तशा करवून घेतलेल्या. त्या तिनं ओवायला पटव्याच्या हातात दिल्या आणि पिशवी उचलली.

"भैया, पिरोके रखो. मैं लाल भाजी लेके आती हूँ."

मागे वळून न पाहता ती गर्दीत गेली. पटव्यानं दोरा अंगठ्याला अडकवला.