कोंबड्यांशी बोलायची भाषा

जर्मनीतल्या आमच्या ओल्शोवका गावात पाहुण्याला कुणी पाठ दाखवत नाही. पाठ दाखवणं म्हणजे नुसतं तोंड फिरवणं नव्हे. चर्चच्या फाटकाशी चार बायका सोर्बीत, म्हणजे आमच्या इथल्या जुन्या भाषेत, बोलत उभ्या असतात. पाचवी, जर्मन शेजारीण, येऊन थांबते. त्या चौघींनी तरीही सोर्बीतच बोलणं चालू ठेवलं, तर ती झाली पाठ. म्हणून चौघीही वाक्य मध्येच सोडून जर्मनवर येतात. शेजारीण निघून जाते, तरी बराच वेळ जर्मनच चालू राहतं, कारण परत फिरायचं कुणाच्या लक्षातच राहत नाही.

हांझाला हे तिच्या आईनं शिकवलं होतं. आई अंगात जीव असेपर्यंत काळा स्कर्ट घालणारी आणि डोक्याला फडकं बांधणारी, रस्त्यात भेटणाऱ्या प्रत्येकाला ‘येशू ख्रिस्ताची स्तुती असो’ म्हणणारी बाई. ती सांगायची, “समोरच्याला कळत नाही ते बोलणं म्हणजे त्याला जेवायला बसवून ताट न वाढणं.” हांझानं ते मनावर घेतलं. बाविसाव्या वर्षी तिनं ग्रॅनाइटच्या खाणीतल्या दीटरशी लग्न केलं. तो ड्रेस्डेनकडचा जर्मन. लग्नाच्या दिवसापासून तिच्या घरात जर्मन सुरू झालं. टोमास झाला, तो जर्मनमध्ये वाढला. सोर्बी उरली ती मांजरासाठी, कोंबड्यांसाठी आणि झोपण्यापूर्वीच्या प्रार्थनेसाठी.

सत्तावीस वर्षं हांझा गावच्या बालवाडीच्या स्वयंपाकघरात होती. बटाटे सोलणं, सूप ढवळणं, साठ लहान ताटल्या धुणं. मग बालवाडीत एक खोली सोर्बीची करायचं ठरलं. मुलं दिवसभर तीच भाषा ऐकतील आणि आपोआप बोलू लागतील, अशी ती योजना. आता अस्खलित बोलणाऱ्या शिक्षिका आणायच्या कुठून? तरुण मुली शहरात गेलेल्या. तेव्हा बुदिशिन शहरातल्या प्रशिक्षण विद्यालयातून वोर्शा नावाची मुलगी आली, मुलगी म्हणजे असेल छत्तीसएक वर्षांची, आणि सरळ स्वयंपाकघरात शिरली.

“हांझाताई, तुम्ही शिकवाल?”

“मी? अगं, मला सूप शिकवता येईल.”

“सूपच शिकवा. सोर्बीत.”

हे काही एकट्या बुदिशिनचं काम नव्हतं. पाच देशांतल्या पाच संस्थांनी मिळून ते चालवलं होतं. एक फिनलंडच्या उत्तर टोकाची, एक हॉलंडमधल्या फ्रीझलंडची, एक वेल्सची, एक फ्रान्समधल्या ब्रिटनीची, आणि पाचवी आमची. पाचही ठिकाणची भाषा लहान, पाचही ठिकाणी शिक्षिकांची वानवा. म्हणून प्रशिक्षणाचे नियम एकच ठेवले होते, आणि शेवटची परीक्षा घ्यायला यायचं ते दुसऱ्या संस्थेच्या माणसानं. नियमांत मुख्य एकच. खोलीत शिक्षिकेनं भाषा बदलायची नाही. मूल जर्मनमध्ये बोललं तरी उत्तर सोर्बीत. हातांनी दाखवा, नाचून दाखवा, पण बदलू नका.

हांझा पंचावन्नाव्या वर्षी वही-पेन घेऊन बसली. वर्षभराचं प्रशिक्षण तिनं एकही दिवस न चुकवता केलं. मुलांना तिचा लळा लागला. चौदा मुलं, त्यांत तिची नात लेन्काही.

मंगळवार, तेरा नोव्हेंबरला पहिली पाहणी झाली. वोर्शा मागच्या बाकावर बसली होती. दहा वाजून पाच मिनिटांनी जिल्हा कचेरीतले एक साहेब सहज डोकावले. भले गृहस्थ, ओव्हरकोट हातावर घेतलेला. हांझा हसून उठली, जर्मनमध्ये म्हणाली, “या, या, बसा ना.” आणि मग मुलांशीही जर्मन बोलू लागली, साहेबांना कळावं म्हणून. चौदाच्या चौदा मुलं तिच्यामागून जर्मनवर गेली. कोंबडीमागे पिल्लं जातात तशी.

साहेब गेल्यावर वोर्शानं वही मिटली.

“चाळीस मिनिटं झाली, ताई. त्यातली सदतीस जर्मन.”

“अगं, त्यांना कळलं नसतं ना.”

“साहेबांना शिकवायचं नव्हतं.”

हांझाला रडूच फुटलं. वोर्शानं तिचा हात धरला, पण जे सांगायचं ते सांगितलंच. पाहणी दोनदाच होते. जानेवारीत फिनलंडहून बाई येतील. तेव्हाही असंच झालं, तर प्रमाणपत्र नाही. आणि प्रमाणपत्र असलेली शिक्षिका नसेल, तर जुलैत ती खोली बंद. दुसरी कुणी नव्हती.

जानेवारीच्या चोवीस तारखेला, गुरुवारी, फिनलंडच्या बाई आल्या. आउने त्यांचं नाव. पन्नाशीच्या, बुटक्या, गाल वाऱ्यानं लाल झालेले. एके काळी शाळेत जर्मन शिकवत, त्यामुळे बोलायची अडचण नव्हती. संध्याकाळी सहाला हांझानं त्यांना आणि वोर्शाला जेवायला बोलावलं. उकडलेले बटाटे, कांदा घातलेला ताजा चक्का आणि वरून जवसाचं तेल. आउनेबाईंनी तेलाचा वास घेतला आणि दोनदा वाढून घेतलं. टेबलावर जर्मन चाललं होतं. दीटर होता ना.

जेवता जेवता हांझानं विचारलं, “तुमच्याकडे किती माणसं बोलतात हो तुमची भाषा?”

“तीनशे. चारशे म्हणू या, म्हणजे बरं वाटेल.”

हांझाचा काटा हवेतच राहिला. ओल्शोवकाच्या चर्चमध्ये रविवारी याहून जास्त माणसं असतात.

“मला स्वतःला येत नव्हती,” आउनेबाई म्हणाल्या. “आईला यायची. पण बाबांचे मित्र फिनिश बोलणारे, दुकानदार फिनिश, मास्तर फिनिश. आई सगळ्यांसाठी बदलायची. आमच्यासाठीही बदलली. मग शेहेचाळिसाव्या वर्षी मी एक वर्ष रजा घेतली. एक म्हातारे मासेमार होते, ब्याऐंशी वर्षांचे. ते जाळी दुरुस्त करायचे, मी शेजारी बसायचे. वर्षभर बसले. मग आईकडे गेले आणि दारातच तिच्याशी तिच्या भाषेत बोलले.”

“आई काय म्हणाल्या?” हांझाचा आवाज अगदी बारीक झाला.

“म्हणाली, दार लाव आधी, गारठा आत येतोय.” आउनेबाई हसल्या. डोळे मात्र भरले होते. “माझ्याशी तिच्या भाषेत बोललेलं आईचं ते पहिलं वाक्य. मी दार लावलं. त्या दिवशी मी ते दार इतकं हलकेच लावलं, जसं काही ते काचेचं होतं.”

पृथ्वीच्या त्या टोकाला, जिथे हिवाळ्यात सूर्यच उगवत नाही म्हणतात, तिथेही एक आई होती जी लोकांसाठी बदलली. हांझाला आजवर वाटायचं, हे फक्त ओल्शोवकाचं वळण, आपल्या आईची शिकवण. तेच वळण बर्फापलीकडल्या कुठल्याशा घरात, तिला कधी न दिसलेल्या स्वयंपाकघरातही होतं! पाच देशांनी एकमेकांना धरून का ठेवलंय, हे वोर्शाच्या कागदांतून कधी कळलं नव्हतं ते तिला त्या क्षणी कळलं.

आउनेबाईंनी डोळे पुसले. “आता तुम्ही दोघी सोर्बीत बोला ना. मला नुसतं ऐकायचंय.”

“पण याला कळणार नाही,” हांझा पटकन म्हणाली आणि दीटरकडे पाहिलं.

दीटरनं बटाटा चक्क्यात बुडवला. “कोण म्हणालं?”

“म्हणजे?”

“तेहतीस वर्षं या घरात राहतोय मी. तू मांजराशी कोणत्या भाषेत बोलतेस? कोंबड्यांशी? देवाशी? कोंबड्यांना कळतं, तर मला का कळू नये? मी काय त्यांच्याहून अडाणी आहे?”

“मग कधी बोलला का नाहीस?”

“मला कुणी विचारलं? मला वाटलं, ती तुमची खाजगी भाषा. तू, मांजर आणि देव. मी मध्ये कशाला पडू?”

वोर्शा खो खो हसत सुटली. हांझाला हसू येईना. तेहतीस वर्षं ती ज्याच्यासाठी बदलत राहिली, त्यानं तसं कधी मागितलंच नव्हतं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. खाणीच्या धुळीनं खरबरीत झालेले हात, बुडवलेला बटाटा, आणि मिशीला लागलेलं तेल. हा माणूस एवढी वर्षं तिची प्रार्थना ऐकत होता. आणि समजत होता.

दुसऱ्या दिवशी पंचवीस जानेवारी. आमच्याकडे त्या दिवशी पक्ष्यांचं लग्न असतं. हिवाळाभर पाखरांना दाणे घातले म्हणून पाखरं मुलांना लग्नाचा फराळ पाठवतात. आदल्या संध्याकाळी मुलं खिडकीत ताटली ठेवतात, सकाळी तिच्यात पाखराच्या आकाराची गोड बिस्किटं असतात. बालवाडीत लग्न लागतं. नवरा डोमकावळा, नवरी स्रोका, म्हणजे काळ्या-पांढऱ्या पिसांची, लांब शेपटीची पक्षीण. त्या वर्षी नवरी होती लेन्का.

नऊ वाजता आउनेबाई आणि वोर्शा मागे बसल्या. हांझानं सगळ्यांना सोर्बीत गोळा केलं. डोमकावळ्याची चोच सुटत होती, ती बांधली. वऱ्हाडी चिमण्या भांडत होत्या, त्यांना वेगळं बसवलं. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि लेन्का एकदम ओरडली, “माझा बोर्टा!” बोर्टा म्हणजे नवरीची उंच टोपी. ती घरी राहिली होती.

नऊ चाळीसला दार उघडलं. टोमास. कामाचे बूट चिखलानं भरलेले, हातात कागदात गुंडाळलेला बोर्टा. खोलीभर नजर फिरवून तो आईला जर्मनमध्ये म्हणाला, “हे कुठे ठेवू? मला लगेच जायचंय.”

हांझाच्या जिभेवर जर्मन उत्तर तयारच होतं. बत्तीस वर्षं ते तिथेच असायचं. मुलाला सोर्बी येत नाही, मुलाला पाठ दाखवायची नाही. चौदा मुलं तिच्याकडे पाहत होती. हांझाला आईचं वाक्य आठवलं, ताट न वाढण्याचं. आणि तिला वाटलं, या पोराला मी एवढी वर्षं जेवायला बसवलं खरं, पण घरातलं ताट कधी वाढलंच नाही.

ती त्याच्या अगदी समोर गेली. पाठ नाही, तोंड. आणि सोर्बीत, अगदी सावकाश म्हणाली, “ये बाळा. आत ये. पण आधी बूट काढ.”

बोलताना तिनं बुटांकडे बोट दाखवलं, वर्षाच्या मुलाला दाखवावं तसं. टोमास तिच्याकडे पाहत राहिला. त्याच्या कपाळावर आठी आली, मग ती गेली. आईच्या आवाजात त्यानं हा सूर कधी ऐकला नव्हता असं नव्हे. ऐकला होता, दुसऱ्यांसाठी वापरलेला.

लेन्का धावत आली. “बाबा, आजी म्हणते...”

“कळलं मला,” टोमास म्हणाला. आणि वाकून त्यानं बूट काढले.

मोज्यांनी चालत तो आत आला. हांझा त्याच्याशी बोलतच राहिली. हा कागद काढ, फीत धर, हळू, इथे गाठ मार. तो गुडघ्यांवर बसला आणि त्यानं लेकीच्या डोक्यावर बोर्टा ठेवला. सगळी वऱ्हाडी पाखरं भोवती दाटली, कुणी त्याच्या पाठीवर चढलं, कुणी फीत ओढली. त्यांना मागे सारायला त्यानं हात पसरले आणि त्याच्या तोंडून एकदम सोर्बी निघाली. रोज सांजेला खुराड्याशी उभी राहून हांझा जे म्हणते ते, त्याच ठेक्यात.

“चला गं बायांनो, चला आत, कोल्हा येतोय!”

मग चौदा मुलं अशी हसली की डोमकावळ्याची चोच पुन्हा सुटली. एक चिमणी ओरडली, “आम्ही कोंबड्या नाही!” टोमास कानापर्यंत लाल झाला. “मला एवढंच येतं,” तो जर्मनमध्ये पुटपुटला.

“एवढं पुष्कळ आहे,” हांझा सोर्बीत म्हणाली, आणि त्याच्या हातात पाखराचं बिस्कीट ठेवलं. लगेच जायचं होतं ना त्याला, पण तो लग्न लागेपर्यंत छोट्या खुर्चीत गुडघे हनुवटीला लावून बसून राहिला.

आउनेबाईंनी सबंध सकाळ वहीत काहीही लिहिलं नाही. निघताना मात्र त्या दाराशी थांबल्या. हांझाला वाटलं, आता निकाल सांगतील. त्यांनी दाराची मूठ दोन्ही हातांनी धरली आणि दार बाहेरून हलकेच लावून घेतलं. हांझा त्या बंद दाराकडे पाहत उभी राहिली. मग तिनं डोळे पुसले आणि चिमण्यांना रांगेत उभं केलं.

प्रमाणपत्र मार्चच्या पहिल्या आठवड्यात आलं. खाली पाच संस्थांचे पाच शिक्के, पाच भाषांतले. त्यातल्या चार भाषा हांझाला वाचता येत नव्हत्या. तरी ती एकेका शिक्क्यावर बोट ठेवून कितीतरी वेळ बसली. जुलैत खोली बंद झाली नाही. सप्टेंबरमध्ये वेल्सहून दोन मुली तिच्याकडे शिकायला आल्या, ती गोष्ट वेगळी.

पण त्याआधी, पक्ष्यांच्या लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी, टोमास लेकीला घेऊन जेवायला आला. टेबलावर बटाटे, चक्का, तेल. दीटरनं कुणाला न विचारता सोर्बीत मीठ मागितलं. उच्चार खाणीतल्या दगडासारखा होता. हांझानं मीठ पुढे केलं आणि मुलाकडे वळून आपल्या भाषेत भरभर सांगायला सुरुवात केली. पलीकडच्या घरी कोल्हा आला, काळी कोंबडी अंडी देईना, डॉक्टरांनी आपल्या गुडघ्याचं काय सांगितलं. साठलेलं होतं ना.

टोमासनं काटा खाली ठेवला.

“आई,” तो म्हणाला, “हळू. जरा हळू बोल.”

हांझा थांबली. मग तिनं पुन्हा पहिल्यापासून, कोल्ह्यापासून सुरुवात केली.