परीक्षेला आलेली मुलगी

नळदुर्गच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली तेव्हा पप्पांनी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली. मग आत येऊन माझी बॅग वर ठेवली आणि खाली उतरून खिडकीपाशी उभे राहिले. मम्मी आली नव्हती. शेंगाच्या पोळ्यांचा डबा तिने घरीच हातात दिला होता. पप्पा म्हणाले, "ज्योती आपल्यातली हाय. ती सांगंल तसं राहा." गाडी हायवेला लागली, ढाबे मागे गेले. मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. पुढेही फारसं आलं नाही.

नळदुर्गात राहिलेल्यांनी मला नेहमी विचारलंय, पुण्यात कसं वाटतं. मी "छान" म्हणत आले. माझ्यासारख्या ज्या निघाल्या, त्या हे विचारत नाहीत.

ज्योतीताई म्हणजे पप्पांच्या शाळेतल्या एका सरांची मुलगी. पप्पा त्याच शाळेत क्लार्क आहेत. ताई आधीपासून पुण्यात नोकरीला होती आणि तिने वन बीएचके भाड्याने घेतला होता. बेडरूम तिची, हॉल माझा. माझा वाटा मी तिला पाठवायचा आणि ती घरमालकीणकाकूंना सगळं मिळून देणार. काही लिहून घ्यायचं का, असं मी निघण्याआधी विचारलं होतं. पप्पा म्हणाले, "आपल्या माणसाला कागद मागत असतेत व्हय? सरांना काय वाटंल?"

काकू वरच्या मजल्यावर राहायच्या. पहिल्याच आठवड्यात त्या दारात आल्या तेव्हा ताईने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ही माझी मावसबहीण. परीक्षेला आलीय." नंतर किचनमध्ये म्हणाली, "काकूंनी एकटीला म्हणून दिलाय गं फ्लॅट. दुसरी आहे कळलं तर भाडं वाढवतील, नाहीतर काढतील. तू फक्त हसायचं."

ते मला जमण्यासारखं होतं. आमच्या इंग्लिश मीडियमच्या शाळेत मराठी बोललं की बाकावर उभं करायचे, आणि गल्लीत इंग्लिश शब्द आला की मुली एकमेकींकडे बघायच्या. दोन्हीकडे कमी बोलायची सवय मला लहानपणीच लागली होती.

काकू जिन्यात भेटल्या की विचारायच्या, "काय गं, झाली का परीक्षा?"

"अजून आहे, काकू."

"सीए-बीए करतेस की काय? त्यांचंच असं संपत नाही."

मी हो म्हणाले. म्हणजे मी सीए करायला लागले. रोज सकाळी लॅपटॉपची बॅग घेऊन ऑफिसला निघताना मी जिना मान खाली घालून उतरायची. ताई हसायची. "सीए मॅडम, तेवढा कुकर लावा." माझी पार्सलं तिच्या नावाने यायची. काकू येणार असल्या की मी हॉलमधली गादी गुंडाळून तिच्या पलंगाखाली सरकवायची. वाईट वाटायचं का, सांगता येत नाही. दात काढताना गाल बधिर करतात, त्यावर बोट ठेवलं की कळतं, गाल आपलाच आहे. तेवढंच.

महिन्याच्या सुरुवातीला पप्पांचा फोन यायचा. "भाडं दिलंस ना?" मी "दिलं" म्हणायची. मग फोन बाजूला धरून ते मम्मीला सांगायचे, "स्वतःच्या पगारात राहते पोरगी." मला ते ऐकू यायचं.

मग एका रविवारी ते न सांगता आले. पुण्यात कुणाचं तरी लग्न होतं. खालून त्यांचा आवाज आला म्हणून मी जिन्यात गेले. खाली गेटपाशी काकू त्यांच्याशी बोलत होत्या.

"कोण पाहिजे तुम्हाला?"

"पोरगी राहते इथं, ताई. आमची."

"तुम्ही ज्योतीचे वडील का?"

"न्हाय, ज्योतीसंगं दुसरी हाय ना—" एवढं बोलून त्यांनी वर पाहिलं. मी वळणावर उभी होते. माझ्या चेहऱ्यावर त्यांना काय दिसलं, मला माहीत नाही.

"ती परीक्षेवाली होय! तुमची का ती? अहो, संपायची केव्हा तिची परीक्षा?"

शाळेत लोक मुलाची जन्मतारीख जरा मागंपुढं करून द्या म्हणून येतात. पप्पा त्यांना हात जोडून परत पाठवतात. माझ्या सख्ख्या मामांनाही पाठवलं होतं. त्यांनी माझ्यावरची नजर काढून काकूंकडे वळवली. मग म्हणाले, "एकच पेपर राह्यलाय, ताई. पुढच्या महिन्यात घेऊन जातो." आणि पिशवीतून धपाट्यांचा पुडा काढून काकूंना दिला. "घरचे हाएत. ठेवा."

वर ताई नव्हती. पप्पा खुर्चीच्या कडेवर बसले, पाणी प्यायले. भिंतीकडे बघत म्हणाले, "सर आणि मी रोज संगं डबा खातो." ग्लास खाली ठेवताना म्हणाले, "मम्मीला यातलं काय सांगू नको." चहा नको म्हणाले आणि लग्नाला निघून गेले.

त्यानंतर भाड्याचं त्यांनी विचारलंच नाही. फोनवर हवापाणी, मम्मीचे गुडघे, तेवढंच बोलायचे. पुढचा महिना उजाडला. काकू जिन्यात थांबल्या. "न्यायला येणार होते ना गं वडील?"

मी काही ठरवलं नव्हतं. पण आता "अजून आहे" म्हटलं असतं, तर खोटे पप्पा ठरले असते.

"परीक्षा नाहीये, काकू. मी नोकरी करते. पहिल्यापासून इथंच राहते. भाडं ताईकडे देते."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. "मग आधी सांगायचं ना. खाल्लं असतं का मी तुला?"

दोघींच्या नावाने नवीन करार करू, भाडं थोडं वाढेल, असं त्या ताईला म्हणाल्या. ताईला ते नको होतं. ती मला म्हणाली, "तुला राहायला मी जागा दिली. आणि तू जिन्यात उभं राहून माझी अब्रू काढलीस." तिचं सगळंच चुकीचं नव्हतं. मी तो फ्लॅट सोडला.

नळदुर्गात सर आता डबा घेऊन स्टाफरूमच्या दुसऱ्या टोकाला बसतात. हे मम्मीने सांगितलं, तिला वाटतं काहीतरी शाळेचं भांडण आहे. पप्पांना मी फोन करून एवढंच सांगितलं होतं, की काकूंना मी खरं सांगितलं. ते म्हणाले, "बरं केलंस." मग म्हणाले, "जेवलीस का?"

आता माझी एक खोली आहे. लहान आहे, ऑफिसपासून लांब आहे, दुपारी तापते. भाडं मी मालकांना स्वतः देते. घर कुठलं म्हणून विचारलं तर अजूनही नळदुर्गच सांगते. या खोलीला मी घर म्हणत नाही, रूम म्हणते. पण इथं मी कोण, हे कुणाला बनवून सांगावं लागत नाही, आणि सध्या मला एवढंच लागतं. पप्पांना दोनदा बोलावलं. येतो म्हणतात. आलेले नाहीत. मी एक जास्तीची उशी आणून ठेवली आहे.