तीन पिकअप आणि एक लाखेचं सील

आता हे तुम्हाला सांगावं की नाही, याचा मी दोन कप चहा होईस्तोवर विचार केला. पण आमच्या जबलपुरात मराठी घरं मोजकी, आणि त्या सगळ्या घरांना हा प्रकार आधीच तोंडपाठ आहे. मग तुम्हीच काय घोडं मारलंय? ऐका!

एका सरकारी कारखान्याच्या स्टोअरमध्ये कारकुनी करून मी निवृत्त झालो. निवृत्तीनंतर लोक ज्ञानेश्वरी काढतात, मी इलेक्ट्रिक गिटार काढली. जुनी, वापरलेली. कॉलेजात असताना मित्राच्या टेपरेकॉर्डरवर हार्ड रॉक ऐकलं होतं. त्या गिटारचा आवाज कसा होता म्हणून सांगू? आपल्या जबलपुरी खव्याच्या जिलबीसारखा! बाहेरून काळाकुट्ट, कडेनं किंचित करपलेला आणि आतून रसरशीत. तो आवाज एकदा तरी स्वतःच्या बोटांतून निघावा, एवढीच इच्छा होती.

माझ्या गिटारमधून मात्र निघे तो डोक्यावरून रजई घेऊन बोलणाऱ्या माणसाचा आवाज.

मग वाचन सुरू केलं. दोन महिने वाचलं. निदान झालं: पिकअप! म्हणजे तारांखाली बसवलेली चुंबकाची आणि बारीक तारेच्या गुंडाळीची डबी. वरची तार थरथरली की ही ती थरथर विजेत बदलून स्पीकरकडे पाठवते. माझ्या गिटारला असे दोन पिकअप होते. एक वर, मानेजवळ. दुसरा खाली, ब्रिजजवळ, जिथे तारा अडकवतात तिथे. आणि जगातल्या तमाम जाणकारांचं एकमत होतं की जुन्या हार्ड रॉकचा तो आवाज ब्रिजजवळच्या पिकअपमधून येतो. बस्स! तो बदलायचा.

हां, मधली एक बारीकशी गोष्ट राहिली. गिटार घरी आली त्याच दिवशी माझा मेहुणा बापू टपकला होता. बापूचं भजनी मंडळ आहे, आणि बटण दिसलं की त्याचा हात शिवशिवतो.

"भाऊजी, हे काहून लावलं इथे?" खट्. "अच्छा, इकडे पण जातं!" खट्. खट्. खट्.

आता स्टोअरचा नियम तुम्हाला माहीत नसेल. माल ज्या स्थितीत आला, त्या स्थितीत सीलबंद करायचा. बापू गेल्यावर मी ती बटणाची दांडी पहिल्यासारखी वर केली, तिच्यावर लाख वितळवून ओतली, कागदाची पट्टी डकवली आणि खाली सही ठोकली. ते बटण कोणता पिकअप बोलेल हे ठरवतं, असं मी पुढे वाचलंही. पण सील केलेली वस्तू माझ्या लेखी या जगातून गेलेली असते. तिच्याकडे कोण बघतो?

पिकअप बसवायला मी गोहलपुरच्या नईमभाईंना गाठलं. त्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान. पंप, पंखे, मिक्सर, जिथे तारेची गुंडाळी तिथे नईमभाई. गिटार त्यांनी जन्मात पहिल्यांदाच हातात धरली होती.

"बाबूजी, है तो ये भी कॉइल ही," ते मीटर लावून म्हणाले. "आपकी कॉइल ज़िंदा है, क्यों बदलवा रहे हो?"

"टोन के लिए."

"अच्छा. और इस बटन पे क्या चिपका रखा है?"

"सील है. उसको हाथ नहीं लगाना!"

बिचाऱ्यांनी लावला नाही. सहीचा मान राखणारा माणूस.

पहिला पिकअप जबरदस्त ताकदीचा होता. घरी येऊन वाजवला, डोळे मिटले आणि वहीत लिहिलं: "आवाजात आक्रमकता आहे, परंतु संयम नाही." पंधरा दिवसांत तो काढला. दुसरा अगदी सौम्य. "स्वभाव गोड, निर्णयशक्ती कमी." तिसरा मात्र मध्यम गुंडाळीचा, जुन्या पद्धतीच्या चुंबकाचा. तो वाजवताच माझ्या अंगावर काटा आला. "हाच तो! परिपक्व आणि किंचित करपलेला!"

आमच्या सौ., सुनंदाबाई, मटार सोलत होत्या. "मला तर तेच ऐकू येऊन राहिलं."

"तेच म्हणजे?"

"पहिल्या दिवशी होतं तेच. रजईतलं."

"तुझा कान तयार नाही."

"बरं. मग गणपतीत मंडळात वाजवा सर्वांसमोर. लोकांना फरक कळला तर गिटार राहील घरात. नाही तर ती माळ्यावर, आणि तुम्ही दर गुरुवारी बापूच्या भजनात झांज वाजवायची. आणि ते काढलेले डबे ग्वारीघाटावर नर्मदेत सोडून या एकदाचे, माझे चमचे चिकटून राहिले त्यांना!"

मी आव्हान स्वीकारलं. तयार कान माझा होता ना!

गणपतीच्या चौथ्या दिवशी मंडळाचा हॉल भरला. मी नईमभाईंना खास पाहुणे म्हणून बोलावलं, शाल-श्रीफळ दिलं आणि वादनाआधी पिकअपवर वीस मिनिटं भाषण केलं. तिन्हींचे स्वभाव सांगितले. वहीतून वाचून! पहिल्या रांगेतले दोघे झोपले, ते मी तल्लीनता समजलो.

मग वाजवलं. टाळ्या पडल्या, पण कशा? लहान मुलानं कविता म्हटल्यावर पडतात तशा.

नईमभाई मात्र कपाळाला आठ्या घालून उठले. शाल सावरत स्टेजवर आले, खिशातून पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, काढला आणि माझ्या परिपक्व पिकअपवर टकटक केलं.

स्पीकर गप्प.

मग वरच्या, मानेजवळच्या पिकअपवर टकटक केलं. धप्! धप्!

"बाबूजी," ते म्हणाले, आणि माइक नेमका त्यांच्या तोंडासमोर होता, "नीचे वाला तो बोल ही नहीं रहा. छह महीने से ऊपर वाला अकेला बज रहा है."

तीन पिकअप आले, तीन बसले, आणि त्यातला एकही मी आजवर ऐकलेला नव्हता! आक्रमकता, गोडवा, परिपक्वता, सगळं त्या एकाच म्हाताऱ्या पिकअपचं.

"भाऊजी, मी फोडू का सील?" बापू मागून ओरडला. त्याचा हात शिवशिवत होता.

माझ्या होकाराची वाट कोण बघतो! लाख फुटली, पट्टी फाटली. खट्. मी तारा छेडल्या आणि काय सांगू, साक्षात जिलबी! काळी, करपलेली, रसरशीत! झोपलेले दोघे ताडकन उठून बसले आणि मखराचा एक थर्माकोलचा खांब आडवा झाला.

"फरक कळला ना सगळ्यांना?" मी विजयानं विचारलं.

"कळला," सुनंदाबाई जागेवरूनच म्हणाल्या. "गिटार राहील. पण माझा कान तयार नाही म्हणाले होते ना तुम्ही? त्याची झांज."

अपिलाला जागा नव्हती. गुरुवारी बापूनं माझ्या हातात झांज दिली. "भाऊजी, बिनधास्त वाजवा. हिला बटण नाही."

अख्खं भजनी मंडळ खिदळलं. मी अपमान गिळला, झांज एकदा वाजवली, डोळे मिटले आणि म्हणालो, "बापू, ही पितळेची आहे का? नाही म्हटलं, काशाची झांज जरा जास्त परिपक्व वाटते."

बापूनं ती आत नेली आणि दुसरी झांज आणून दिली. मी वाजवली आणि खूश झालो. केवढा फरक!

"भाऊजी," बापू म्हणाला, "ही तीच जोडी आहे. फक्त डावी-उजवी बदलली."