मिरचीचे हात

सुरैय्याच्या हातांची गल्लीत सगळ्यांना धास्ती. तिनं चहाचा कप पुढं केला तर लोक कपाचा नुसता कान धरून घेतात, तिच्या बोटांना बोट लागू देत नाहीत. नंदुरबारच्या पथारीवर, मिरची वाळवायच्या मैदानावर, बारा वर्षं देठ खुडले की असंच होणार. ताक लावा, तेल लावा, बोटांतली आग रात्रभर जात नाही.

या हातांनी तिनं चार वर्षांत तमन्नाच्या गालाला स्पर्श केला नव्हता.

तमन्ना तिची एकुलती एक, सात वर्षांची. उन्हात आली की मान खाली, पापण्या मिटलेल्या, डोळ्यांना पाण्याची धार. उघडलेच डोळे तर बुबुळं पाण्यातल्या चांदण्यांसारखी थरथरत. तान्ही असताना पथारीच्या कडेला लिंबाखालच्या झोळीत तिला निजवलेलं असायचं. मग दुसरं काय असणार? शेजारच्या कौसाबाईनं, जिला विचारल्याशिवाय गल्लीत कोणी शिंकतही नाही, चार वर्षांपूर्वी निकाल दिला होता, "सुरैय्या, तुन्हा हातले मिरची शे. पोरना डोयास्मा तीच गई. आते हात नको लावू तिले."

पुरावाही पक्का होता. पावसाळ्यात पथारी बंद, आणि त्याच दिवसांत तमन्नाचे डोळे उघडत. अजून काय पाहिजे?

तेव्हापासून तमन्नाची वेणी अब्बू घालू लागला. अजीज पत्र्याच्या पेट्या ठोकणारा माणूस. त्यानं घातलेली वेणी बघून कौसाबाई म्हणायची, "अजीजभाऊ, कडी लाई दे ना वरतून, म्हंजे उघडनार नही." अजीज मान डोलवायचा आणि रिबीन आणखी घट्ट ओढायचा. सुरैय्या दारात उभी राहून बघायची. हात पाठीमागं.

संध्याकाळी मात्र ही पोर वेगळीच. ऊन उतरलं, पथारीवरचा लाल गालिचा मावळतीत मिसळला, की तमन्ना डोळे टक्क उघडून मिरच्यांच्या ढिगांमधून धावत सुटायची. "दिनमा घुबड, संध्याकायले हरीन," कौसाबाई कौतुकानं म्हणायची. एकदा तमन्नानं विचारलं, "अम्मी, एवढं काळं काळं पाणी कोणी सांडलं?" पथारीवरच्या सगळ्या बायका पदरात हसल्या. सुरैय्या हसली नाही. तिला वाटलं, पोरीच्या स्वप्नात एखादं तळं असेल, आणि आपण त्याच्या काठावर उभ्या आहोत, पाण्यात हात घालायची बंदी असलेल्या.

यंदा शाळेत तपासणीवाले आले, त्यांनी डोळ्यांच्या शिबिराची चिठ्ठी दिली. सुरैय्या आणि अजीज तिला घेऊन गेले. तिथली डॉक्टरीण तरुण, बोलायला शांत. तिनं रंगीत ठिपक्यांचं पुस्तक दाखवलं, अंधाऱ्या खोलीत बॅटरी लावली, बराच वेळ बघत राहिली. सुरैय्यानं आधीच कबुली देऊन टाकली, "माझ्या हातच्या मिरचीनं झालं, बाई. पावसाळ्यात पथारी बंद असते, तेव्हाच ही डोळे उघडते."

"मिरची गेली तर डोळा किती वेळ झोंबतो?"

"तास. फार तर दोन."

"इथं सात वर्षं झाली. आणि मे महिन्यात? तेव्हाही पथारी बंदच ना?"

मे महिन्यात तर तमन्ना डोकंच वर करत नसे. पावसाळ्यात पोरीला ढग आवडत होते. मिरचीचा काही संबंध नव्हता.

डॉक्टरणीनं सावकाश समजावलं. डोळ्याच्या पडद्यात रंग ओळखणाऱ्या पेशी असतात, हिच्या त्या जन्मापासूनच काम करत नाहीत, म्हणून ऊनही सोसवत नाही. हजारो मुलांत एखाद्याला होतं. अर्धा दोष आईकडून येतो, अर्धा बापाकडून, दोघांनाही ठाऊक नसताना. लाल तिला काळं दिसतं. बरं होणार नाही, पण बहुधा वाढणारही नाही. गडद लालसर काचेचा चष्मा लावा, शाळेत पहिल्या बाकावर बसवा, खिडकीकडे पाठ करून.

"म्हणजे अर्धं माझंच," सुरैय्या बाहेर आल्यावर म्हणाली.

"अर्धं माझं आहे," अजीज म्हणाला. "सगळं तूच कशी घेशील?"

चष्मा आठवड्यानं आला. तमन्ना भर दुपारी पथारीच्या काठावर उभी राहिली. मान वर, डोळे उघडे. काळं पाणी जरासं उजळलं होतं म्हणे, आणि त्यात एकेक मिरची वेगळी दिसत होती. ती मोजायलाच बसली.

कौसाबाई लांबून बघत होती. तिचा निकाल फिरल्याचं तिला गल्लीनं आधीच चार वेळा ऐकवलं होतं. तरी म्हणाली, "तोंड ते धुई दे पोरनं. धूय बठेल शे. मी बोलनू व्हतू ते आते इसरी जाय."

सुरैय्या नळावर गेली. ताकानं हात धुतले, साबणानं धुतले, परत ताकानं. बोटं नाकाशी नेऊन हुंगली. चार वर्षांची सवय. मग आली, चष्म्याच्या काचा टाळून दोन्ही तळवे तमन्नाच्या गालांवर ठेवले.

तमन्नाला एक शिंक आली, मग दुसरी.

सुरैय्यानं हात काढले नाहीत.